कर्तरी प्रयोग

४ सप्टेंबर २०२४, बुधवार

आज मीटिंगला आमची माणसं कमी आणि रुग्ण मात्र झाडून सगळे हजर. एरवी उलटं असतं. कालपासून एसटीचा संप. ज्यांना काल गावी परतायचं होतं ते धर्मशाळेत अडकले आणि रोज गावाहून ये-जा करणारे आमचे दोन तंत्रज्ञ गावात अडकले.

ट्यूमर बोर्ड हे नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, प्रोजेक्टरचा पडदा, एक्स-रे बघायची जुनी दिवापेटी (आता तिच्यावर वर्तमानपत्रं ठेवतात) आणि सकाळी आठचा चहा. तोंड-घशाच्या कॅन्सरचे सर्जन, रेडिएशनच्या मॅडम, केमोचे डॉक्टर, रेडिऑलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, भुलेच्या मॅडम, दातांचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, गिळण्या-बोलण्याची थेरपिस्ट, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, आणि दाराजवळच्या खुर्चीत मी. या खुर्चीत मला बावीस वर्षं झाली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये देशातली पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, असं आम्हाला एम.एस.डब्ल्यू.ला शिकवलं होतं. तेव्हापासून ही जात दाराजवळच बसत असावी, असा माझा संशय आहे.

सात केसेस. चौथी भोकर तालुक्यातल्या काकांची. वय ५२. डाव्या गालाची गाठ जबड्याच्या हाडाला भिडलेली, मानेतही एक लागते. तोंड दीड बोट उघडतं. पंचवीस वर्षं तंबाखू-चुना, मध्ये काही वर्षं गुटखा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मग मिळायचा कुठून, असं कुणी विचारलं असतं तर काका हसले असते. पण हसायलाही तोंड उघडावं लागतं.

त्यांना आत बोलावलं. नऊ जणांनी आळीपाळीने टॉर्च मारून तोंडात पाहिलं. काका डोळे मिटून बसले होते, केस कापायला बसावं तसे. सहा मिनिटांत निर्णय झाला : आधी ऑपरेशन, मग रेडिएशन, सोबत केमो लागेल का, ते काढलेल्या भागाचा रिपोर्ट आल्यावर. निर्णय चांगला आहे. वेगवेगळ्या ओपीडींमधून फिरत हाच ठरायला महिना गेला असता, आणि जो डॉक्टर आधी भेटला त्याचाच उपचार आधी झाला असता.

निवासी डॉक्टरने फॉर्म भरला. साखर नियंत्रणात आणावी. दात रेडिएशनपूर्वी काढावेत. नातेवाइकांना समजावून सांगावे. (फॉर्म इंग्रजीत असतो, पण भाव हाच.) शाळेत व्याकरणाच्या बाई फळ्यावर वाक्य लिहून विचारायच्या, ‘कर्ता कोण?’ ‘दात काढावेत’ हा कर्मणी, ‘समजावून सांगावे’ हा भावे. आमच्या फॉर्ममध्ये कर्तरी प्रयोग जवळपास नसतोच.

५ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री संप मिटला. सकाळी काकांचा मुलगा आला, चोवीस-पंचवीसचा, हातात मोबाइल. त्यात त्याने तीन रेकॉर्डिंग केलेली. ओपीडीतल्या डॉक्टरने सांगितलं, जबड्याचा तुकडा काढावा लागेल, पुढच्या आठवड्यात. भुलेच्या मॅडम म्हणाल्या, साखर २१० आहे, ती उतरल्याशिवाय हात लावणार नाही. योजनेच्या खिडकीवर सांगितलं, मंजुरी यायची आहे, तारीख देता येणार नाही.

“मॅडम, तिघायनं तीन सांगितलं. मंग काल ठरलं काय?”

तिघंही खरं बोलले होते. प्रत्येकाने आपापल्या खिडकीतून दिसणारं सांगितलं. मी कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारली आणि टप्पे लिहिले : साखर, मंजुरी, ऑपरेशन, रिपोर्ट, रेडिएशन. त्याने कागदाचा फोटो काढला, मग कागदही घडी करून खिशात ठेवला.

महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, त्यामुळे ऑपरेशनच्या पैशांची काळजी नाही. काळजी बाकीच्याची. राहणं, जेवण, बुडालेली मजुरी. १ आणि २ तारखेच्या पावसात त्यांचं चार एकरांतलं सोयाबीन पाण्याखाली गेलंय. मुलगा म्हणतो, पंचनाम्याला कुणीतरी घरी पाहिजे. म्हणजे तो जाणार. इथे राहणार काकू, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही. कालच्या फॉर्ममधल्या ‘नातेवाइकांना’ या शब्दात नक्की कोण येतं, ते आज कळलं.

११ सप्टेंबर, बुधवार

आज महालक्ष्म्या. (माझ्या सासरी गौरी म्हणतात, काकूंनी मला दुरुस्त केलं.) यंदा त्या धाकट्या जावेने बसवल्या. काकूंच्या जिवाला तेवढाच घोर लागलाय. नवऱ्याच्या ऑपरेशनपेक्षा तो बोलून दाखवायला सोपा असावा.

मीटिंग लांबली, पण चांगली झाली. जिभेच्या लहानशा गाठीचा एक तरुण रुग्ण. मानेत हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीतही नाही. नव्या निवासी मुलीने विचारलं, “सर, मानेत काहीच नाही, तर मान उघडायची कशाला?” दोन सीनियर एकमेकांकडे बघून हसले. सर, म्हणजे आमचे सर्जन, हसले नाहीत. त्यांनी परळच्या टाटा रुग्णालयातला अभ्यास सांगितला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. सुरुवातीलाच मानेतल्या गाठी काढल्या त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. ‘दिसल्या तर काढू’ म्हणून थांबले त्यांच्यातले ६७.५. मग म्हणाले, “आम्ही तुझ्याएवढे होतो तेव्हा याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.”

या मीटिंगचा मला सगळ्यात आवडणारा भाग हा. एकटा डॉक्टर ओपीडीत जे ठरवतो त्याला ‘का?’ विचारणारं कुणी नसतं. इथे सर्वांसमोर विचारलं की उत्तर द्यावं लागतं.

काकांची साखर उतरतेय. मंजुरी आली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

काकांचं ऑपरेशन झालं. सकाळी साडेआठला आत, दुपारी साडेतीनला बाहेर. जबड्याचा तुकडा, गाल, मानेतल्या गाठी काढल्या. छातीवरचा स्नायू कातडीसकट वर वळवून गाल बंद केला. मराठवाड्यातून येणाऱ्यांना याचं नाव आधीच पाठ असतं : कमांडो ऑपरेशन. नाव ऐकून घाबरतात आणि थोडे फुशारतातही.

मी थिएटरमध्ये जात नाही. पण तिथल्या सिस्टर सांगत होत्या, हल्ली चिरण्याआधी सगळे थांबतात आणि प्रत्येक जण आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची ती यादी, अतुल गावंडे यांच्या चमूने केलेली. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात दिल्लीचं एक, ती वापरून पाहिली तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर आले. हे २००९ साली छापून आलं. नाव सांगण्याने असं काय होतं? सिस्टर म्हणाल्या, “ज्याने एकदा तोंड उघडलं तो दुसऱ्यांदा उघडायला भीत नाही. मोजणीत एक गॉज कमी आला तर बोलतो.”

गावंडे अमेरिकेचे, पण त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटीचे. बाहेर बाकावर बसलेल्या काकूंना वेळ घालवायला हे सांगितलं. यादीशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पण उमरखेड म्हणताच म्हणाल्या, “आमची सोयरीक हाय तिकडं. पैनगंगा वलांडली की झालं.” आणि दिवसभरात पहिल्यांदा डब्यातली भाकरी काढली.

मनात आलं, थिएटरात भूल दिलेल्या माणसाच्या उशाशी सगळे आपापलं नाव सांगतात. बुधवारी जागा असलेल्या माणसाच्या तोंडात टॉर्च मारताना एकही सांगत नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंती. मीटिंग नाही. काकांचा रिपोर्ट परवाच आलाय, म्हणजे तो आता ९ तारखेपर्यंत फाइलमध्ये पडून राहणार. शनिवारी त्यांना डिस्चार्ज मिळाला, नाकात नळी घालून. दोघं धर्मशाळेत आहेत.

आजार आठवड्यातल्या वाराने चालत नाही, बोर्ड चालतं. सुट्टी आली तर गुरुवारी बसू, असं मागे दोनदा ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे पुन्हा ठरवणारा कुणीच नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

वाईट सकाळ. शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

पॅथॉलॉजिस्टने रिपोर्ट वाचला. कडा मोकळ्या आहेत. मानेतल्या दोन गाठींमध्ये आजार, त्यातल्या एकीत तो गाठीचं वेष्टण फोडून बाहेर आलेला. म्हणजे रेडिएशनसोबत केमोही हवी. रेडिएशनच्या मॅडमनी हिशेब केला. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू झालेलं बरं. म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या आत. मग विचारलं, “दात?”

कुणी बोललं नाही.

सरांना वाटलं होतं, दातांचे डॉक्टर थिएटरमध्ये येऊन काढतील. तोंड उघडत नव्हतं, म्हणजे भुलेतच काढणं सोयीचं होतं. दातांच्या डॉक्टरांना वाटलं, थिएटरमधून फोन येईल. फॉर्म भरणारा निवासी डॉक्टर १५ सप्टेंबरला दुसऱ्या युनिटला गेला. नव्या मुलीने फॉर्म वाचला, तर त्यावर लिहिलेलं होतं, ‘दात रेडिएशनपूर्वी काढावेत.’ ते ऑपरेशनपूर्वी नव्हतंच. तिचं चुकलं असं म्हणता येत नाही. चार किडलेले दात अजून जागेवर आहेत.

हे दात नुसते उपटून भागत नाही. जखम भरायला दोन आठवडे तरी द्यावे लागतात. घाई केली, किंवा रेडिएशननंतर कधी काढायची वेळ आली, तर रक्तपुरवठा कमी झालेलं जबड्याचं हाड भरून येत नाही, सडायला लागतं. असे दोन रुग्ण मी पाहिलेत. त्यातल्या एका आजींना मी वर्षभर फक्त मलमपट्टीला येताना पाहिलं, रुमालाने अर्धा चेहरा झाकून.

कोण चुकलं यावर पाच मिनिटं गेली. मी गप्प होते. कारण ४ सप्टेंबरला तो फॉर्म मीही वाचला होता, आणि वाचून घरी येऊन या वहीत व्याकरणाचा विनोद केला होता. विनोदाऐवजी दातांच्या खिडकीवर जाऊन आले असते तर?

शेवटी बोलले. म्हटलं, निर्णयापुढे एक रकाना ठेवा, ‘कोण’. आणि त्यात विभागाचं नाव नको, माणसाचं हवं. सर वैतागले होतेच. “मॅडम, फॉर्म आधीच दोन पानी आहे. त्यात आणखी रकाना म्हणजे समिती, मंजुरी, छपाई.” रेडिएशनच्या मॅडमनी काही न बोलता समोरचा फॉर्म ओढला, पट्टी नव्हती म्हणून मोबाइलच्या कडेने उजवीकडे एक उभी रेघ मारली आणि दातांच्या डॉक्टरांकडे पेन केलं. त्यांनी लिहिलं : उद्या सकाळी दहा, मी. खाली सही.

केमोच्या डॉक्टरांनी सिस्प्लॅटिनचं नाव घेतलं. त्या औषधाने ऐकू येणं कमी होऊ शकतं, एवढं मला या खोलीत बसून माहीत झालंय. कानाची तपासणी त्याआधी करतातच, पण काकांना तिची तारीख २९ ची मिळाली होती. मी म्हटलं, “त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. धर्मशाळेत त्यांच्या डाव्या बाजूला बसावं लागतं.” केमोच्या डॉक्टरांनी मान वर केली. दुपारीच तपासणी करून घेतली : दोन्ही कान उणे, उजवा जास्त. सिस्प्लॅटिन झेपणार नाही अशांसाठी रेडिएशनसोबत दर आठवड्याला डोसिटॅक्सेल देता येतं. तो अभ्यासही परळचाच, गेल्या वर्षी प्रसिद्ध झालेला. ते द्यायचं ठरलं. नाही, केमोच्या डॉक्टरांनी ठरवलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

मुलाचा फोन. उरलंसुरलं सोयाबीन काढलं. हमीभाव ४८९२, व्यापारी चार हजारांच्या आसपास मागतोय, ओल धरून आणखी कमी. विकू की थांबू, असं मला विचारत होता. मी काय सांगणार! पण विचारण्यासारखं दुसरं कुणी त्याला दिसलं नसावं. वडिलांच्या रेडिएशनची तारीख २८ धर, एवढंच म्हणाले. “मंग इकून टाकतो,” म्हणाला.

१६ ऑक्टोबर, बुधवार

काकांचं वजन साडेतीन किलो उतरलंय. ५६ वरून साडेबावन्न. आहारतज्ज्ञ गोंधळात. तिने दिवसाला सहा फीड लिहून दिलेत : नाचणी, मूगडाळ, दूध, अंडं, तेल, सगळं मोजून. काकू शपथेवर सांगतात, सहाच्या सहा देते. मग चर्चा सुरू झाली. साखरेमुळे? आतड्यात शोषलं जात नाही? रेडिएशनमध्ये वजन आणखी उतरणारच, तर आधीच पोटातून नळी टाकावी का?

पोटातल्या नळीवर दहा मिनिटं झाल्यावर इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, “आमच्या मावशी म्हणत होत्या, त्यांच्याकडे मिक्सर नाही.”

वॉर्डातल्या मावशी. त्या धर्मशाळेजवळच राहतात, येता-जाता काकूंशी बोलतात. वॉर्डात फीड रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून तयार यायचं. धर्मशाळेत काकू नाचणी-डाळ शिजवतात, रवीने घुसळतात. घट्ट असेल तर नळीत अडकतं म्हणून फडक्यातून गाळतात. जे अंगी लागायचं ते फडक्यात राहतं. सहा वेळा मोजून पाणी जातंय पोटात.

खोलीतल्या सगळ्या पदव्या एकत्र केल्या तर भिंत भरेल. मिक्सर मावशींना दिसला.

धर्मशाळेत खोलीत विजेची उपकरणं चालत नाहीत, बिलामुळे. व्यवस्थापकांशी बोलले. भले गृहस्थ. ऑफिसात टेबलावर एक मिक्सर ठेवायला तयार झाले, नोंदवहीत वेळ लिहून कुणीही वापरावा. मिक्सर माझ्या घरचा जुना. झाकण जरा सैल आहे, काकूंना हात ठेवून चालवायला दाखवलं. रकान्यात मी स्वतःचं नाव लिहिलं. पुढच्या बुधवारी मावशींना दहा मिनिटं मीटिंगला बसवायचं का, हे सरांना विचारलं. त्यांच्या ड्युटीची वेळ, त्यांचा सुपरवायझर, कंत्राटदार... बघू म्हणाले.

२३ ऑक्टोबर, बुधवार

ज्या केसेस दोन मिनिटांत संपतात त्या घरी सोबत येतात.

अडतीस वर्षांच्या बाई. जिभेचा आजार, मागच्या वर्षी सगळे उपचार झालेले. आता मानेत परत, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढून. पडद्यावर ते चित्र आलं आणि कुणी फारसं बोललं नाही. फॉर्मवर लिहिलं गेलं : उपशामक उपचार. मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी, सोबत पोट साफ राहण्याचं औषध, जखमेचा वास कमी करण्याचा उपाय, घरी जाणाऱ्या पथकाकडे नोंद. सगळं बरोबर. सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स उभं केलं, मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ मध्ये झालं, आणि आता तालुक्याच्या बाईलाही हे मिळू शकतं. साँडर्सबाई आधी नर्स होत्या, मग माझ्यासारख्या रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. दुखणं नुसतं अंगाचं नसतं, पैशाचं, घराचं, मनाचंही असतं, हे त्यांनी मांडलं. दाराजवळच्या खुर्चीतून ते बरंच दिसतं, हा माझा पक्षपात.

शेवटची ओळ होती, ‘रुग्ण व पती यांना सांगणे’. पुढे रेघ, रेघेपुढे मोकळी जागा. अशी ओळ माझ्याकडे येते, हे ठरलेलं. बावीस वर्षांत मी ती किती जणांना सांगितलीय, मोजलं नाही. मी पेनाकडे हात केला, तर सरांनी ते आधीच उचललं होतं. रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. म्हणाले, “जीभ मी काढलीय त्यांची. मला सांगू दे. तुम्ही बाजूला बसा.”

बसले. त्यांनी आधी बाईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं, कसं चाललंय? बाईंनी पाटीवर लिहिलं, ‘वाढलंय’. सर म्हणाले, “हो.” मग बराच वेळ कुणी बोललं नाही. सरांनी घड्याळ पाहिलं नाही. बाहेर ओपीडीत साठ माणसं होती.

२८ ऑक्टोबर, सोमवार

काकांचं पहिलं रेडिएशन. दातांच्या जखमा भरल्या. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला आवळतात, डोकं हलू नये म्हणून; दहा-पंधरा मिनिटं. आदल्या आठवड्यात तो मुखवटा करताना काका घाबरून उठून बसले होते. आज तंत्रज्ञाने डाव्या कानाशी वाकून आपलं नाव सांगितलं, मी काचेतून बघतोय म्हणाला, हात वर केला की थांबवतो. काकांनी हात वर केला नाही.

असं ३० वेळा, सोमवार ते शुक्रवार. दिवाळीत शुक्रवारी लक्ष्मीपूजनाची सुट्टी. काकू विचारत होत्या, पाडव्याला गावी जाऊन यावं का? त्यांना तर अर्धंच तिकीट. जाऊन या म्हटलं, पण सोमवारी सकाळी दहाला इथे हजर पाहिजे. वजन ५३ वर आलंय. मिक्सरच्या नोंदवहीत आता पाच खोल्यांची नावं आहेत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान, त्यामुळे मशीन बंद, मीटिंगही नाही. यावेळी मात्र मंगळवारी संध्याकाळीच बसलो. वेळ कोण ठरवणार, त्या रकान्यातही नाव होतं.

काका मतदानाला भोकरला जाऊन रात्रीच्या गाडीने परत आले. मानेची कातडी काळी पडलीय, तोंड आतून सोललेलं, थुंकी गिळवत नाही. अशा अंगाने रात्रभराचा प्रवास! मी रागावले. त्यांनी शाई लावलेलं बोट माझ्यासमोर धरलं आणि मशीनच्या रांगेत जाऊन बसले. रांगेत आणखी दोघांच्या बोटाला शाई.

११ डिसेंबर, बुधवार

काल काकांचं तिसावं झालं. आज त्यांना बोर्डापुढे आणलं. रेडिएशनच्या मॅडम खुर्चीवरून उठल्या, त्यांच्या डाव्या बाजूला गेल्या, नाव सांगितलं, मग टॉर्च काढला. दोघातिघांनी तसंच केलं. बाकीच्यांनी टॉर्चच मारला.

रकाना अजून छापील नाही. आता फॉर्मच्या गठ्ठ्यावर आधीच कुणीतरी पट्टीने रेघा मारून ठेवतं. पण एक लक्षात आलं. आजच्या आठ केसेसमध्ये मिळून एकोणीस ओळी होत्या. त्यातल्या अकरांपुढे लिहिलंय ‘सोशल वर्कर मॅडम’. एका ओळीत ‘हिमोग्लोबिन वाढवणे’ हेसुद्धा माझ्याकडे आलंय. चहा पिताना मी ते वाचून दाखवलं. सर म्हणाले, रकाना तुमचाच होता. पाच ओळी खोडून मी परत केल्या.

काकांच्या फॉर्मवर शेवटच्या तीन ओळी. गिळण्याचे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम, घरी रोज पाच वेळा : थेरपिस्टने आपलं नाव घातलं, दर शनिवारी व्हिडिओ कॉल करेन म्हणाली. नळी कधी काढायची : आहारतज्ज्ञ आणि ती, मिळून. तपासणी सहा आठवड्यांनी, आणि गावी व्यायाम होतायत ना यावर लक्ष ठेवणे : इथे निवासी मुलीचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

“मुलाचं नाव लिहा,” मी म्हटलं.

“पेशंटच्या मुलाचं? आपल्या फॉर्मवर?”

“घरी तोच असणारे ना?”

तिने लिहायला पेन टेकवलं. “नाव काय त्याचं?”

मी तोंड उघडलं आणि थांबले. योजनेचे कागद काकांच्या नावाने, धर्मशाळेची पावती काकूंच्या नावाने. माझ्या मोबाइलमध्ये तो ‘भोकर मुलगा’ आहे. या वहीतही मी आताच मागची पानं उलटून पाहिली; सगळीकडे ‘मुलगा’च. खोलीत अकरा जण होतो. कुणालाच माहीत नव्हतं.

ती पेन हातात घेऊनच उठली, दार उघडून कॉरिडॉरमध्ये गेली. बाहेर तो वडिलांची थैली मांडीवर घेऊन बसला होता.

“दादा, तुमचं नाव काय?”